गुरुवार पेठेतले बाइंडर आणि आमचं केडगावचं बायबल

आधी कामाचं सांगते. जुनं, जाड, पानं सुटलेलं पुस्तक दोऱ्यानं नीट शिवून हवं असेल आणि तुम्हाला घाई नसेल, तर पुण्यात गुरुवार पेठेत, पंचहौद चर्चच्या मनोऱ्यापासून चालत पाचेक मिनिटांवर एक म्हातारे बाइंडर आहेत, त्यांच्याकडे जा. दुकानाला पाटी नाही. खाली लग्नपत्रिका छापणारा आहे, त्याच्या बाजूच्या लाकडी जिन्यानं दोर धरून वर चढायचं. माझ्यासारखे गुडघे असतील तर खालूनच ‘चाचा’ म्हणून हाक मारा, त्यांचा मुलगा खाली येतो. शुक्रवारी दुपारी एक ते तीन बंद. रेक्झिनचे १,४०० सांगितले, कातड्याचे २,६००. मी कातड्याचं केलं. पाचशे आगाऊ द्यावे लागतात आणि पावती म्हणून पत्रिकेच्या रद्दी कार्डावर मागल्या बाजूला आकडा लिहून मिळतो. माझ्या पावतीवर कुणाच्या तरी हळदीचा मुहूर्त होता.

तीन आठवडे म्हणाले होते, साडेपाच लागले. हा एक गुण कापते. दुसरा का कापला ते पुढे येईल.

त्याआधी मी दोन ठिकाणी फिरले होते. अप्पा बळवंत चौकातल्या एकानं पुस्तक हातात न घेताच सांगितलं, स्पायरल करून देतो, उद्या न्या. बायबलला स्पायरल! दुसरा म्हणाला, बाई, नवीनच घ्या की, याच्या निम्म्या पैशात येईल. तो खरं बोलत होता. बायबल सोसायटीचं नवं बायबल स्वस्तच असतं, आणि माझ्याकडे ते आहेही, मोठ्या टायपातलं, रोज वाचते ते तेच.

पण हे जुनं म्हणजे केडगावचं. पंडिता रमाबाईंनी मूळ हिब्रू आणि ग्रीकमधून केलेलं भाषांतर, पुणे जिल्ह्यातल्या केडगावात त्यांनीच काढलेल्या मुक्ती मिशनच्या छापखान्यात छापलेलं, १९२४ चं. रमाबाईंनी ते छापून झालेलं पाहिलं नाही. त्यांची एकुलती मुलगी मनोरमा १९२१ मध्ये गेली आणि त्या स्वतः ५ एप्रिल १९२२ ला. आईवडील त्यांनी तरुणपणीच दुष्काळात गमावले होते, मग भाऊ, मग लग्नाला दोन वर्षं होतात न होतात तोच नवरा. एवढं सगळं मागे असलेली बाई म्हातारपणी हिब्रू शब्दाला खेड्यातल्या बायकांना कळेल असा मराठी शब्द शोधत बसली होती. मी लहान असताना हे ऐकून मला काही वाटायचं नाही. आता वाटतं.

माझी आजी त्या छापखान्यात होती. छप्पन्याच्या दुष्काळात, म्हणजे १९०० साली, गुजरातेतून केडगावला आणलेल्या पोरांमधली ती. वय पाच असेल, सहा असेल, कोण सांगणार. गावाचं नाव तिला आठवत नव्हतं. आईचं नाव आठवत नव्हतं. आयुष्यभर मराठीच बोलली, पण ताप चढला की भाकरीला ‘रोटलो’ म्हणायची आणि शुद्धीवर आली की आपण असं म्हणालो हे मान्यच करायची नाही. ती छापखान्यात घड्या घालायला होती. छापलेला मोठा कागद दुमडून त्याचा फर्मा करायचा, असे फर्मे एकावर एक रचून शिवायला द्यायचे. आमच्या घरातली प्रत तिच्या वाट्याला आली, तिनं ती माझ्या आईला लग्नात दिली, आणि आई २०२१ मध्ये एक्याण्णव वर्षांची होऊन गेली तेव्हा माझ्या कपाटात आली. तोवर पुठ्ठा एका बाजूनं निखळला होता, कणा फाटला होता आणि उत्पत्तीची पहिली पानं बेपत्ता होती. आमच्या घरात जगाची निर्मिती तिसऱ्या अध्यायापासून सुरू होते, थेट सापापासून.

चाचांनी पुस्तक घ्यायच्या आधी हात धुतले. पंचा पसरला, त्यावर ठेवलं. ‘आसमानी किताब है’ एवढंच मुलाला म्हणाले आणि त्यानं टेबलावरचा चहाचा कप उचलला. मग कण्यावरून अंगठा फिरवत पानं मोजल्यासारखं काहीतरी केलं आणि म्हणाले, ताई, शिलाई हाताची आहे, टाके फार बारीक, अजून बऱ्याच ठिकाणी धरून आहेत. आपण जिथं सुटलंय तिथंच उघडू, उगाच सगळं कशाला उसवायचं. मी त्यांना आजीचं सांगितलं. त्यांनी मान हलवली, काही बोलले नाहीत, पण काम झाल्यावर उसवलेला जुना दोरा एका छोट्या पाकिटात घालून परत दिला. असं मी मागितलं नव्हतं. या एका गोष्टीसाठी मी वरचे साडेपाच आठवडे विसरायला तयार आहे. जवळजवळ.

काम कसं करतात ते दोनदा जाऊन पाहिलं. फाटलेल्या घड्यांना आतून पापुद्र्यासारखा पातळ कागद लावतात, पिठाच्या खळीनं. फर्मे दाभणानं टोचून फितीवर शिवतात, कण्याला मलमल, मग रात्रभर शिकंज्यात. हाडाची एक पट्टी आहे, वापरून वापरून गुळगुळीत झालेली, तिनं घडी दाबतात. सेलोटेपचा त्यांना भयंकर राग आहे. आमच्या बायबलात ठिकठिकाणी सेलोटेपच्या तपकिरी खुणा निघाल्या तेव्हा ते एकेक दाखवून मला असे बघत होते, जसं काही मी लहान मुलाला मारलं होतं. खरं तर त्यांतल्या निम्म्या मीच लावल्या होत्या.

आणि मागच्या पुठ्ठ्यावरचा पांढरा गोंदही माझाच.

अकराव्या दिवशी चाचांच्या मुलानं फोटो पाठवला व्हॉट्सअॅपवर. खाली मजकूर: ‘मॅडम मागच्या पुठ्याला एक पान चिकटलेलं होतं. अब्बांनी ओल्या फडक्यानं दोन दिवस लावून काढलं. दोन्ही बाजूनं लिहिलेलं आहे. ठेवायचं का.’

हे पान मला माहीत होतं. म्हणजे एक बाजू माहीत होती.

मामांनी नगरला बेकरी काढली होती, १९७१ च्या सुमारास. भावाला पैसे देणारी बहीण एकच, माझी आई, मिशनच्या शाळेत शिक्षिका. शेवटच्या कोऱ्या पानावर तिनं निळ्या शाईनं हिशेब लिहिला होता. ‘दादा, भट्टीसाठी ५००.’ ‘दादा, मैदा, ३५०.’ ‘दादा, घर विकलं त्यातले माझे ४,०००.’ अशा चौदा नोंदी, खाली बेरीज, ११,३५०. आजीचं घर मामांनी आईला न विचारता विकलं होतं. सही घ्यायला आले तेव्हा विसार घेऊन झाला होता. बेकरी बुडाली ते वेगळंच. आईची पहिल्या दिवसापासूनची बचत गेली आणि माझं कॉलेज पुण्याऐवजी नगरला, रात्रीच्या वर्गात झालं. हे मी कुणाकडून ऐकलेलं नाही, जगलेलं आहे.

१९९४ मध्ये ते पान सुटून हातात आलं. मी तेव्हा बत्तीस वर्षांची, सहकारी बँकेत कर्ज विभागात, वसुलीच्या टेबलावर. चौदा नोंदी एका दमात वाचल्या आणि पान हरवू नये म्हणून मागच्या पुठ्ठ्याला चिकटवून टाकलं, नोंदी वर. पुरावा म्हणून. रागाच्या भरात माणूस किती नीटनेटकं काम करतो! कडा अगदी सरळ लावल्या होत्या.

तेव्हापासून मामांशी मी बोलणं सोडलं. २००९ मध्ये ते गेले. आई म्हणाली चल, मी तिला गाडीनं नगरला घेऊन गेले आणि दफनभूमीच्या फाटकाशी सोडून बाहेर गाडीत बसले. काचा वर करून. गाणी तरी ऐकू येतच होती. आई बाहेर आली तेव्हा तिच्या बोटांना माती होती, मूठमाती दिलेली. तिनं ती पुसली नाही, तशीच मांडीवर हात ठेवून पुण्यापर्यंत बसली. मला वाटलं, आई भोळी आहे. कुणीतरी लक्षात ठेवायला हवं ना, मग मी ठेवते.

आता मागची बाजू. फोटोत स्पष्ट दिसत नव्हती म्हणून मी रिक्षा करून गेले. पेन्सिलीनं लिहिलेलं, गोंदामुळं थोडं फुटलेलं, पण आईचंच अक्षर, शिक्षिकेचं, प्रत्येक काना उभा. पानभर एक तिरकी रेघ आणि खाली: ‘फिटलं. कलस्सै २:१४. उत्तम शुक्रवार, १९८२.’

उत्तम शुक्रवार म्हणजे गुड फ्रायडे. मी चिकटवायच्या बारा वर्षं आधी.

आपण मागची बाजू पाहिलीच नव्हती, असं इथं लिहून टाकणं सोपं आहे. पण खरं सांगायचं तर मला आठवत नाही. पाहिलीही असेल. फिकट पेन्सिल, घरातला पिवळा बल्ब, डोक्यात बेरीज. जे वाचायचं नसतं ते माणसाला दिसत नाही. वसुलीच्या टेबलावर मी हेच रोज समोरच्या कर्जदारांना सुनवायचे, नोटीस मिळाली नाही म्हणून सांगू नका, मिळालीय.

कलस्सैकरांच्या पत्रातलं ते वचन ज्यांना पाठ नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात: आपल्याविरुद्ध असलेलं ऋणपत्र ख्रिस्तानं खोडलं आणि वधस्तंभाला खिळून टाकलं, असं प्रेषित पौल तिथं म्हणतो. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ हातानं लिहिलेला कागद. कर्जदार स्वतःच्या हातानं लिहून देतो तशी चिठ्ठी. मला हे कधीकाळी बायबल अभ्यासात सांगितलेलं होतं, वहीत उतरवलेलंही आहे. पण वहीत उतरवणं आणि आईच्या अक्षरात बघणं यात अंतर आहे.

बँकेत असलेल्यांना एक फरक कळेल. आम्ही खातं निर्लेखित करायचो, राइट ऑफ. बाहेरच्या लोकांना वाटतं कर्ज माफ झालं. तसं काही नसतं. ताळेबंदातून काढलं तरी वसुली चालूच राहते, नोटिसा जातात, जामीनदार धरले जातात. चाळीस वर्षं चर्चमध्ये बसून, प्रभूभोजन घेऊन, ‘जशी आम्ही आपल्या ऋण्यांस सूट दिली आहे’ असं दर रविवारी म्हणून मी मामांचं खातं राइट ऑफ केलेलं होतं. पुस्तकातून काढलेलं, वसुली चालू. आणि आईनं दिला होता ना-देय दाखला, म्हणजे आता काहीच देणं उरलं नाही असा कागद. ज्या कर्जाची मूळ सावकार बाईच भरपाई नको म्हणाली, त्याची मी तिच्या वतीनं, तिनं न दिलेल्या मुखत्यारपत्रावर, वसुली करत होते. कुणाकडून? मेलेल्या माणसाकडून, बंद काचेआडून.

मला ‘मागचं विसरा, देव नवं करील’ असे रंगीत फोटो सकाळी सकाळी पाठवणाऱ्यांचा कंटाळा आहे, तो अजूनही आहे. फिलिप्पैच्या पत्रातलं मागील गोष्टींकडे दुर्लक्ष करण्याचं ते वाक्य सगळे पाठवतात, पण त्याच्या थोडं वर पौलानं स्वतःचा सगळा इतिहास मांडलाय, वंश कुठला, पंथ कुठला, ख्रिस्ती मंडळीचा छळ कसा केला. काही विसरलेला नाही तो. फक्त त्या जोरावर आता काही मागत नाही. आणि आजीनं उत्पत्तीच्या एक्केचाळिसाव्या अध्यायात एका ओळीखाली रेघ मारलीय, नखानं असावी, शाई नाही, कागद दबलाय. भावांनी विकलेल्या योसेफाला पहिला मुलगा होतो, त्याचं नाव तो मनश्शे, म्हणजे विसरायला लावणारा, असं ठेवतो, कारण देवानं मला माझे सगळे कष्ट आणि बापाचं घर विसरायला लावलं. मला या माणसाचं नवल वाटतं. विसरलास, तर पोराला तेच नाव कशाला? रोज अंगणातून हाक मारायची, विसर, ए विसर, जेवायला ये! म्हणजे रोज आठवण. फक्त आता त्या आठवणीला एक गुटगुटीत पोर धावत येतं. आजीला गावाचं नाव आठवत नव्हतं, तरी तिनं नेमकी हीच ओळ धरली. तिच्याकडून जे गेलं ते तिनं सोडलेलं नव्हतं, हिसकावलं गेलं होतं. ते देवाच्या हातात आहे एवढंच ती धरून बसली असावी. मी तिला विचारलं नाही, मी तेव्हा आठ वर्षांची होते.

असो. चाचा वाट बघत होते, पानाचं काय करू. मी म्हणाले काढूनच टाका, वेगळं द्या, जाळते. मला वाटलं हेच सोडून देणं असेल. त्यांनी पान उलटंपालटं केलं. मराठी वाचता येतं त्यांना, पण ते वाचत नव्हते, कडा बघत होते. म्हणाले, ताई, कागद चांगला आहे, जाळण्यालायक नाही. मी याला पट्टी लावून आत शिवतो, दोन्ही बाजू उघडतील. नाही आवडलं तर घरी कात्रीनं कापा, तेवढं काम तुम्हालाही येईल.

तसं शिवलंय. आता ते पान इतर पानांसारखं उलटतं. नोंदी आधी येतात, मग रेघ.

मामांपुढं जाऊन मला आता काही बोलता येणार नाही, ते फाटक माझ्यासाठी बंद झालं. पहिले काही दिवस मी याचाही हिशेब मांडायला बसले होते, माझ्या नावे. किती वर्षं, किती नाताळ, किती लग्नं चुकवली. मग एका रात्री प्रार्थनेत तीच यादी पुन्हा वाचून दाखवताना मला थांबावं लागलं. यादी करायची सवयच लागलीय, फक्त कर्जदाराचं नाव बदललं. ती यादीही देवाकडे दिली. रोज द्यावी लागते, कारण मी रोज परत घेऊन येते. आज सकाळीही दिली.

आता दुसरा कापलेला गुण. चाचांना कडा छाटायची फार हौस आहे. मशीनवर घालून तिन्ही बाजू सरळ केल्या की काम देखणं दिसतं, मान्य. पण आईनं समासात बारीक अक्षरात लिहिलेलं होतं, आणि स्तोत्रसंहितेच्या काही पानांवर अक्षरांचे शेपटे गेले. ‘आज बाळीला ताप, ऐकलंस’ एवढं राहिलंय, तारीख कापली गेली. बाळी म्हणजे मी. मी चिडले, ते मान खाली घालून ऐकत होते, म्हणाले आधी सांगायला हवं होतं तुम्ही. मी आधी सांगितलं होतं. तेव्हा तुम्ही गेलात तर सांगू नका, पावतीवर लिहून घ्या: छाटायचं नाही. शिवाय सोनेरी अक्षरं पहिल्यांदा ‘पवित्र शास्र’ अशी उमटली होती, त गायब. ते त्यांनी विनातक्रार, विनापैसे कातडं बदलून परत केलं, त्यातच पुढचे दोन आठवडे गेले. पाचपैकी तीन झाले. दोऱ्याच्या पाकिटाचा अर्धा परत देते.

पुस्तक घरी आणलं त्या संध्याकाळी मामींना फोन केला. नंबर आईच्या वहीत होता. एकोणनव्वद वर्षांच्या आहेत, नगरलाच असतात, कान कमी झालेत. मी ओरडून ओरडून पानाचं सांगितलं, मागची बाजू, उत्तम शुक्रवार, फिटलं. पलीकडे बराच वेळ काही नाही. मग म्हणाल्या, अगं आमच्याच घरी लिहिलं तिनं ते. चर्चमधून तिघं परत आलो, मी कॉफी टाकली, तिनं तुझ्या मामांकडून पेन्सिल मागून घेतली. बेकरीची होती पेन्सिल, कानामागं ठेवायचे ते.

मला का नाही कुणी सांगितलं, मी विचारलं.

तू फोन कुठं करत होतीस, मामी म्हणाल्या.

गेल्या रविवारी जाऊन आले. दोघी मिळून दफनभूमीत गेलो, त्या काठी टेकत, मी त्यांच्या मागं. फाटकाचा रंग बदललाय. निघताना त्यांनी त्यांचं गाण्यांचं पुस्तक हातात ठेवलं, दोन तुकडे झालेलं, मध्ये रबरबँड. ते पुढच्या आठवड्यात चाचांकडे टाकणार आहे, पावतीवर ‘छाटायचं नाही’ लिहून घेऊन. कातडं नको, रेक्झिन पुरे, असं मामींनी बजावलंय. १,४०० ऐकल्यावर म्हणाल्या, लुटतोय गं तो तुला, आम्ही नगरला दीडशेत करायचो.